सेवालाल महाराजांचे चरित्र आणि गोरबोलीची साक्ष

१

वाशिमचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते मुख्यत्वे ताम्रपटामुळे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील राजा दुसरा विंध्यशक्ती याचा १९३९ साली उजेडात आलेला ताम्रपट काही अंशी संस्कृतात आणि काही अंशी प्राकृतात कोरलेला आहे. राजाची वंशावळ संस्कृतात व दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात, अशी त्यातील वाटणी भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. राजाने दिलेले दान चिरकाल टिकावे म्हणून ते धातूवर कोरून ठेवावे, ही त्या काळाची रीत होती.

याच जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे गाव आहे. तेथे जगदंबेचे देवालय आहे आणि सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र प्रदेश व कर्नाटक या राज्यांतील बंजारा समाज येथे लोटतो. समाजात या स्थानास काशीचा मान आहे. ज्या पुरुषाच्या समाधीसाठी हे लोक येतात त्याचे चरित्र मात्र ताम्रपटावर कोरलेले नाही, की कोणत्या दरबारच्या दप्तरात क्रमवार नोंदलेले नाही. ते टिकले आहे भजनांत, होळीच्या लेंगीत, ढाडी-भाटांच्या कथनांत आणि प्रत्येक कार्यारंभी केल्या जाणाऱ्या अरदाशीत. तेही अशा बोलीत की जिला स्वतःची लिपी नाही.

विखुरलेल्या आणि राज्यकर्त्यांच्या दृष्टीने बराच काळ संशयास्पद ठरलेल्या एका जनसमूहाने आपल्या नायकाचे स्मरण लिपीवाचून कसे राखले, त्या स्मरणाला इतिहासाचे साधन म्हणून किती प्रामाण्य द्यावे, आणि त्या नायकाचे आजचे महत्त्व नेमके कशात आहे, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने त्यांचा विचारही एकत्रच करणे सोयीचे होईल.

२

परंपरेने सांगितलेले चरित्र थोडक्यात असे आहे. सेवालाल यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ रोजी झाला. वडिलांचे नाव भीमा नायक, आईचे धरमणी. जन्मस्थान म्हणून आंध्र प्रदेशातील अनंतपूर प्रदेशातले गोलाल डोडी हे ठिकाण सांगितले जाते, आणि ते आज सेवागड या नावाने ओळखले जाते. कर्नाटकातील सुरगोंडनकोप्पा येथील भायागड हेही जन्मस्थान म्हणून तितक्याच श्रद्धेने पूजिले जाते. लहानपणी गुरे राखीत असता जगदंबेने त्यांना आपल्या सेवेस बोलाविले. त्यांनी प्रथम नकार दिला. त्यानंतर तांड्यावर संकटे आली आणि अखेरीस त्यांनी देवीची सेवा पत्करली. ते आजन्म ब्रह्मचारी राहिले. बैलांचा तांडा घेऊन त्यांनी दक्षिणेतील मुलूख पालथा घातला, लोकांस उपदेश केला, तंटे तोडले, आणि १८०६ साली वऱ्हाडात देह ठेवला. पोहरादेवी येथे त्यांची समाधी झाली.

या वृत्तान्तात चमत्कारांच्या कथा पुष्कळ आहेत. त्या वगळल्या तरी जे उरते त्याचा आकार लक्षात घेण्याजोगा आहे. जन्म दक्षिणेकडे, वाटचाल कर्नाटक व निजामाच्या मुलुखातून, आणि अंत वऱ्हाडात. हा एका माणसाच्या आयुष्याचा मार्ग आहे, त्याचप्रमाणे अठराव्या शतकातील बैलांच्या वाहतुकीचाही मार्ग आहे. एकाच जन्मस्थानाविषयी दोन प्रांतांनी हक्क सांगावा यातही आश्चर्य नाही. ज्याचे घर चालत्या तांड्यात होते त्याचे जन्मगाव एका बिंदूवर टेकविणे हीच मुळी स्थिरावलेल्या समाजाची गरज आहे.

३

सेवालाल यांच्या आयुष्याचा म्हणून सांगितला जाणारा काळ, १७३९ ते १८०६, हा बंजाऱ्यांच्या व्यवसायाच्या भरभराटीचा काळ होता. या व्यवसायास गोरबोलीत 'लदेणी' म्हणतात. मराठीतील 'लादणे' या क्रियापदाशी या शब्दाचे नाते उघड आहे. धान्य, मीठ आणि इतर जिन्नस बैलांच्या पाठीवर लादून दूरदूरच्या बाजारांत नेणे हे तिचे स्वरूप होते. गाडीरस्ते नसलेल्या मुलुखात एवढ्या प्रमाणावर धान्य हलविण्याचे दुसरे साधन नव्हते. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात बंजाऱ्यांचा उल्लेख केला आहे. ते हजारो बैल बाळगतात, गावोगावचे धान्य शहरांत आणतात आणि लष्कराबरोबर चालतात, असे तो सांगतो. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिल्याची नोंद केली आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेत लढायांना खंड नव्हता. म्हैसूरची चार युद्धे १७६७ ते १७९९ या अवधीत झाली. १८०३ साली असई, अडगाव आणि गाविलगड येथील लढाया झाल्या. यांपैकी अडगाव व गाविलगड ही दोन्ही स्थळे वऱ्हाडातीलच होत. या सर्व मोहिमांत सैन्याचे पोट बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून असे. आर्थर वेलस्ली याच्या १८०३च्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांच्या धान्यपुरवठ्याची चिंता वारंवार डोकावते. १७९१-९२ आणि १८०३-०४ या दुष्काळांत दक्षिणेत धान्याची टंचाई पराकोटीस पोचली होती, आणि धान्य असलेल्या मुलुखातून नसलेल्या मुलुखात ते नेणारा वाहतूकदार हा त्या वेळी जीवनमरणाचा दुवा होता.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे सेवालाल यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या उपदेशाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. चोरी करू नये, खोटे बोलू नये, दारूपासून दूर राहावे, गोधनास जपावे, कोणतीही गोष्ट आधी जाणावी, पारखावी आणि मगच मानावी, असा त्याचा सारांश आहे. संतवाणीत असा उपदेश सर्वत्रच आढळतो असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. परंतु तांड्याच्या जीवनात त्याला विशिष्ट व्यावहारिक मोल होते. परक्या मुलुखातील व्यापाऱ्याने शेकडो बैलांवरचे धान्य नायकाच्या शब्दावर सोपवावयाचे. ते महिनोन्महिने त्याच्या नजरेआड राहावयाचे. आणि एकाच तांड्याने आज एका सैन्यास व उद्या त्याच्या शत्रूस धान्य पुरवावयाचे. अशा व्यवहारात तांड्याची पत हीच त्याची खरी मालमत्ता होती. ती पत सांभाळणारी नीती या उपदेशात सांगितलेली दिसते.

पुढील काळात पाणी पैसे देऊन विकत घ्यावे लागेल, असे सेवालाल यांनी भविष्य सांगितले होते, अशी समजूत समाजात दृढ आहे. श्रद्धाळू मनुष्य यास भविष्यवाणी म्हणतो. संशयी मनुष्य यास मागाहून रचलेली म्हणतो. मौखिक परंपरेत प्रत्येक पिढी जुने वचन आपल्या उच्चारात व आपल्या शब्दांत पुन्हा म्हणत असल्यामुळे केवळ भाषेवरून अशा वचनाचा काळ ठरविता येत नाही. तरीही एक गोष्ट निश्चित म्हणता येईल. हजारो बैल घेऊन रोज नव्या मुक्कामी उतरणाऱ्या माणसाला वाटेवरचे पाणवठे, त्यांचा धनी आणि त्यांची किंमत यांचा विसर पडणे शक्य नव्हते. पाण्याची ही चिंता लदेणीच्या जीवनाशी पूर्णपणे सुसंगत आहे. वचन अस्सल असो वा नसो, ते ज्या अनुभवातून उमटले तो अनुभव अस्सल आहे.

४

मौखिक परंपरेशेजारी आता लिखित साधने ठेवून पाहिली पाहिजेत. इंग्रजी अमदानीत बंजाऱ्यांविषयी लिहिले गेले ते दोन प्रकारचे आहे. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने मुंबईच्या साहित्यसंस्थेच्या १८१९ मधील निबंधसंग्रहात बंजाऱ्यांची उत्पत्ती, इतिहास व रीतिरिवाज यांचा वृत्तान्त दिला. तेव्हा लदेणी चालू होती, आणि इंग्रज सैन्याला बंजारा हवा होता. त्यानंतर अर्धशतकात परिस्थिती पालटली. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला. आणि वऱ्हाडचा माल आगगाडीने मुंबईस जाऊ लागला. बैलांच्या तांड्याची गरज संपली. जो कालपर्यंत पुरवठादार होता तो आता कामावाचून भटकणारा ठरला, आणि त्याच्याविषयी लिहिण्याचे काम पोलीस खात्याकडे गेले.

वऱ्हाड पोलिसांतील अधिकारी कंबरलेज याचा बंजाऱ्यांवरील प्रबंध १८६९ च्या सुमारास लिहिला गेला असे मानतात. तो १८८२ साली पुन्हा छापला गेला. त्याच १८८२ साली मेजर गन्थॉर्प याचे मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्य प्रांत येथील 'गुन्हेगार जमाती'वरील पुस्तक निघाले. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ मधील जातिविषयक ग्रंथातील बंजाऱ्यांवरचे प्रकरण मुख्यतः कंबरलेज याच्याच लेखनावर आधारलेले आहे. पुढे कित्येक वर्षे अभ्यासकांनी त्या प्रकरणाचा आधार घेतला. अशा रीतीने एका पोलीस अधिकाऱ्याचे टिपण मानववंशशास्त्राचे प्रमाण होऊन बसले.

या लेखनात सेवालाल आढळतात, परंतु 'शिवा भाया' या रूपात. मरीआईच्या सेवेची कथाही तेथे येते. त्याच पानांत मिठू भुकिया या जुन्या लुटारूची पूजा, त्याच्या नावाने तांड्यात वेगळी राखलेली झोपडी, आणि तेथे गुन्ह्याची मसलत होते असे वर्णन, हे सर्व बारकाईने नोंदलेले आहे. चोरी न करण्याचा उपदेश करणारा पुरुष तेथे एक देवतुल्य व्यक्ती म्हणून कथेपुरता येतो, आणि लुटारू समाजाचा स्वभाव उलगडण्यासाठी येतो. नोंदी खोट्या आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. कोणती नोंद कशाचा पुरावा म्हणून वापरावयाची हे मात्र लिहिणाऱ्याच्या खात्याने ठरविले. १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. निरनिराळ्या प्रांतांत बंजारा व लंबाडा गटांवर या कायद्यांचा शिक्का बसला, त्यामागे अशाच वाङ्मयाचे बळ होते.

पराधीन समाजाने अशा दप्तराचे काय करावे, याचे एक उदाहरण आशियाच्या दुसऱ्या टोकास सापडते. फिलिपीन्सचा राष्ट्रीय वीर होसे रिसाल हा धंद्याने नेत्रवैद्य आणि वृत्तीने लेखक होता. १८८७ व १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दोन कादंबऱ्यांमुळे स्पॅनिश सत्ता बिथरली आणि ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिला येथे त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. या कादंबऱ्यांच्या मानाने त्याचे एक काम कमी प्रसिद्ध आहे. अंतोनिओ दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याने १६०९ साली फिलिपीन्सचा वृत्तान्त छापला होता. रिसालने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्याची नक्कल केली, त्यावर जागोजाग टिपा लिहिल्या आणि १८९० साली पॅरिसला तो ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध केला. परक्या अधिकाऱ्याचा ग्रंथ त्याने टाकून दिला नाही, की जसाच्या तसा स्वीकारलाही नाही. त्यातील नावे, शब्द व व्यवहार यांचा अर्थ आपल्या लोकांच्या ज्ञानाने लावून पाहिला. काही टिपांत स्वदेशाभिमान पुराव्यापुढे धावला आहे, हेही अभ्यासकांनी दाखविले आहे. तथापि पद्धती म्हणून त्या कामाचे मोल कमी होत नाही.

दोघांतील अंतर उघड आहे. रिसालने लिहून ठेवले, आणि १९५६ साली फिलिपीन्सने त्याचे ग्रंथ विद्यालयांतून शिकविण्याचा कायदाच केला. सेवालाल यांच्या बाबतीत असा ग्रंथ नाही. म्हणून कंबरलेजच्या प्रबंधावर ज्या टिपा लिहावयाच्या त्या नायकाच्या ग्रंथांतून मिळणार नाहीत. त्या त्याच्या लोकांच्या बोलीतूनच मिळवाव्या लागतील.

५

अशा टिपांचा आरंभ नावापासूनच होतो. गोरबोलीत 'भाया' म्हणजे भाऊ. तांड्यातील जुने संबोधन 'सेवाभाया' हे आहे. ते नात्याचे आहे, पदवीचे नाही. 'संत', 'सद्गुरू', 'महाराज' ही विशेषणे मराठी व हिंदी धार्मिक व्यवहारातून पुढे जोडली गेली असावीत. इंग्रजी लिपीत या नावाचे 'शिवा' झाले आणि वाचणाऱ्यास शंकराची आठवण होऊ लागली. एका नावाच्या या तीन रूपांत तीन दृष्टी दिसतात. तांड्याने त्याला भाऊ मानले, शासनाने त्याला दैवत म्हणून नोंदले, आणि आजूबाजूच्या समाजाने संतमालिकेत बसविले.

दुसरा शब्द 'तांडा'. लदेणीच्या काळात तांडा म्हणजे चालता समूह: माणसे, बैल, माल आणि मुक्कामाचे सामान. आज महाराष्ट्रात तांडा म्हणजे गावाच्या शिवारालगत वसलेली स्थिर वस्ती. शब्द तोच राहिला आणि अर्थ उलट दिशेस गेला. 'नायक' हाही असाच शब्द आहे. वाट, मुक्काम आणि भाव ठरविणारा धुरीण पुढे वस्तीचा प्रमुख झाला. त्याच्या शेजारचा 'कारभारी' आणि न्यायनिवाड्याची 'नसाब' ही संस्था चालत्या तांड्यातून वस्तीत आली. 'लदेणी' हा शब्द मात्र गाण्यांत व म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच उरला, कारण त्याने दाखवावयाची वस्तूच नाहीशी झाली. आज मराठवाड्यातील व विदर्भातील अनेक तांड्यांतून माणसे ऊसतोडीसाठी दरसाल बाहेर पडतात. प्रवास पुन्हा सुरू झाला आहे, पण त्यातील शब्द 'टोळी', 'मुकादम' आणि 'उचल' हे आहेत. नायकाच्या जागी मुकादम येतो तेव्हा माणसांचे परस्परांतील नाते पालटलेले असते. नायकाची पत तांड्याच्या पतीवर उभी होती. मुकादमाची सत्ता कर्जावर उभी असते.

तिसरी टीप बोलीच्या वंशाविषयी. ग्रियर्सन याने भाषापाहणीच्या नवव्या खंडाच्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या भागात बंजारी किंवा लभाणी बोलीचा विचार केला आहे. रोनाल्ड ट्रेल याचे लमाणी व्याकरण १९७० साली निघाले. या बोलीचे नाते राजस्थानी व गुजरातीशी आहे, याविषयी दुमत नाही. अस्तित्ववाचक क्रियापदाचे 'छ' हे रूप याची साक्ष देते. मराठी, तेलुगू व कन्नड भाषांच्या सान्निध्यात शतकानुशतके राहून शेकडो शब्द उसने घेऊनही या बोलीने आपला व्याकरणाचा सांगाडा सोडला नाही. परकीयांस 'कोर' व स्वतःस 'गोर' म्हणणारा हा समाज बाजारात सर्वांच्या भाषा बोलला आणि तांड्यावर परतल्यावर आपली. अनंतपूरचा मनुष्य आणि मानोऱ्याचा मनुष्य पोहरादेवीस भेटतात तेव्हा ते तेलुगूत वा मराठीत बोलत नाहीत, गोरबोलीत बोलतात. सेवाभायाचे चरित्र टिकले ते या सांगाड्याच्या आधारे, आणि उलटपक्षी त्या चरित्राच्या वार्षिक उच्चारानेही बोलीस आधार दिला, असे म्हणण्यास जागा आहे.

६

आजच्या महत्त्वाचा प्रश्न येथे येऊन पोचतो. १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला आणि महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत आला. तेलंगणा व आंध्र प्रदेशात तोच समाज अनुसूचित जमातींत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींत. लगतच्या पुसद तालुक्यातील गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ज्यांच्या नावे पोलीस खात्याची पुस्तके निघाली त्यांच्या नावे दीड शतकानंतर शासनाने संग्रहालय उभारले, हा पालट लहान नव्हे.

परंतु संग्रहालयात वस्तू राहतात. बोली राहत नाही. २०११च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी ही मातृभाषा सांगणारे ३२ लाखांहून अधिक आणि बंजारी सांगणारे १५ लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. एका बोलीची ही दोन नावे दोन वेगळ्या ओळींत पडली, आणि दोन्ही ओळी हिंदी या शीर्षकाखाली गेल्या. जी बोली व्याकरणाने राजस्थानी-गुजरातीची आप्त आहे आणि जिचे भाषक मुख्यत्वे दक्षिणेत आहेत, ती सरकारी कोष्टकात हिंदीत विलीन झाली. कंबरलेजच्या काळी एका नावाचे रूप बदलले होते. येथे सबंध भाषेचे नाव पुसट झाले. आठव्या परिशिष्टात समावेशाची मागणी यातूनच उद्भवली आहे.

तांड्यावरील शाळा मराठीतून चालते, आणि तसे असण्यात मुलांचे हितही आहे. मात्र घरात 'याडी' म्हणणारे मूल शाळेच्या संस्काराने 'आई' म्हणू लागते, तेव्हा त्याच्या पुढच्या पिढीस अरदाशीचे शब्द पाठ असतील पण कळतील असे नाही. कळत नसलेले शब्द काही काळ मंत्राप्रमाणे टिकतात. त्यांची साक्ष घेण्याचा अवसर मात्र निघून गेलेला असतो. लदेणी, नसाब, भाया या शब्दांचे अर्थ सांगू शकणारी माणसे आज वृद्ध आहेत. ढाडींच्या कथनांचे ध्वनिमुद्रण, पाठभेदांसह त्यांचे देवनागरीतील लेखन, प्रांतोप्रांतीच्या रूपांची तुलना आणि कंबरलेजपासून रसेलपर्यंतच्या लेखनावर त्या आधारे टिपा, हे काम विद्यापीठांच्या आवाक्यातील आहे. त्यासाठी गोरबोली मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांहून अधिक योग्य कोणी नाही.

जाणावे, पारखावे आणि मग मानावे, हा सेवाभायांच्या नावे चालत आलेला उपदेश त्यांच्या चरित्राच्या अभ्यासासही लागू पडतो. परंपरा सांगते म्हणून चमत्कार मान्य करण्याचे कारण नाही, आणि दप्तर सांगते म्हणून गुन्हेगारीचा शिक्का मान्य करण्याचेही कारण नाही. विंध्यशक्तीचे दान ताम्रपटावर होते म्हणून ते सोळाशे वर्षे मातीत राहूनही वाचता आले. पोहरादेवीच्या यात्रेत अजून ऐकू येणारी साक्ष मातीत टिकणारी नाही. ती बोलणारी माणसे आहेत तोवरच ती नोंदली पाहिजे.